गावच्या वाचनालयात खेळांचं कपाट: ठरावापासून तपासणीपर्यंत

आमच्या वाचनालयात खेळांचं कपाट लागलं 1 मे 2025 ला. त्याआधी सहा महिने कागदपत्रांत गेले, आणि नोव्हेंबरात जिल्हा कार्यालयाची वार्षिक तपासणी होऊन त्यावर शेरा आला तेव्हा काम खऱ्या अर्थानं पुरं झालं. सुरुवात करताना मी खूप शोधलं की एखाद्या लहान शासनमान्य वाचनालयानं हे कसं केलं, पैसे कुठल्या खात्यातून घातले, कॅरम बोर्ड कुठल्या नोंदवहीत चढवला. मराठीत असं लिहिलेलं काही हाती लागलं नाही. म्हणून सगळं क्रमानं लिहितेय. गावोगावच्या ग्रंथपालांना आणि कार्यवाहांना उपयोग होईल.

आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. वाचनालयाची इमारत कौलारू. एक मोठी खोली, तिच्याला लागून एक लहान खोली, पुढे पडवी. लहान खोलीत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं बसतात. मी इथली ग्रंथपाल, अर्धवेळ. गावात मला सगळे बाई म्हणतात, कारण आधी काही वर्षं बालवाडी घेतली होती.

2024 च्या दिवाळीत वार्षिक अहवालासाठी सभासदांची यादी काढली तेव्हा बालसभासद अकरा निघाले. त्यातल्या निम्म्यांनी वर्षभरात एकही पुस्तक नेलं नव्हतं. सकाळी पेपर वाचायला येणारी वडीलधारी मंडळी आणि दुपारनंतर अभ्यासिकेत येणारी मुलं, एवढीच खरी वर्दळ. बंदरावरची माणसं तर पायरीही चढत नसत. पुस्तकं नकोत म्हणून येत नाहीत असं मला कधीच वाटलं नाही. आत येऊन करायचं काय, बसायचं कुठे, कोणाशी बोलायचं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. खेळ ठेवला तर आत यायला एक कारण मिळेल, हा माझा विचार.

12 जानेवारीच्या कार्यकारिणी सभेत विषय मांडला. विरोध होणार याची कल्पना होती आणि तो झालाच. आमचे खजिनदार काका स्पष्ट बोलणारे. "वाचनालयात पत्ते खेळूचे? मगे पुस्तका कोण वाचतलो?" असं त्यांनी विचारलं आणि चार माना डोलल्या. त्यांचा मुद्दा मला टाकाऊ वाटला नाही. गावात पत्ते म्हटलं की पारावरचा पैशांचा डाव डोळ्यांसमोर येतो, आणि त्यात घरं बुडालेली सगळ्यांनी पाहिली आहेत.

मी तयारी करून गेले होते. सॅन फ्रान्सिस्कोत मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट नावाचं 1854 सालचं ग्रंथालय आहे. तिथे पुस्तकं आणि बुद्धिबळाचा क्लब एकाच छपराखाली आजही चालतात. मंदीच्या काळात, 1935 मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये मुलांना पुस्तकांसारखी खेळणी घरी नेऊ देणारं केंद्र निघालं. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेनं 2008 पासून ग्रंथालयांमध्ये खेळांचा दिवस ठरवून साजरा करायला सुरुवात केली. हे सगळं ऐकून घेतल्यावर अध्यक्ष म्हणाले, "अमेरिकेचं राहू दे, आपल्या घटनेत बसतं का ते बघा." हा सल्ला फार मोलाचा होता.

संस्थेची घटना म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेली उद्दिष्टं. ती काढून वाचली. वाचन आणि ज्ञानप्रसाराबरोबर 'सभासदांसाठी शैक्षणिक व सांस्कृतिक उपक्रम राबविणे' असं एक कलम सापडलं. तुम्हीही हे आधी तपासा. असं कलम नसेल तर घटनादुरुस्ती लागेल, आणि मग सर्वसाधारण सभा, सूचनेची मुदत, बदल अर्ज हा सगळा वेळखाऊ मार्ग आहे.

9 फेब्रुवारीच्या सभेत ठराव मंजूर झाला. मसुदा लिहायला बराच वेळ घेतला, कारण पुढे प्रत्येक जण तोच मागतो. त्यात चार गोष्टी घातल्या: हा उपक्रम घटनेच्या कुठल्या कलमाखाली आहे ते, खर्च शासकीय अनुदानातून न करता देणगीतून होईल हे, खेळाच्या वेळा, आणि वाचनालयाच्या आवारात पैसे किंवा वस्तू लावून कुठलाही खेळ खेळता येणार नाही ही सक्त अट. 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना लागू नाही, असं त्याच्या कलम 13 मध्ये आहे. तरी ही अट लेखी असावीच. खजिनदारांचा विरोध या एका वाक्यानं मावळला, आणि पुढे कोणी वेडंवाकडं बोललं तर तेच ठराव काढून दाखवू लागले. पत्त्यांचा साधा जोड मात्र आम्ही अजून ठेवलेला नाही. गावाची भावना लक्षात घेता ते बरोबर आहे असं मला वाटतं.

ठरावाची प्रत जोडून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला पत्र दिलं. पोचप्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख टाकून घ्या, ती प्रत जपून ठेवा. मार्च अखेर जवळ आली होती, कार्यालयात अनुदानाची गडबड, त्यामुळे उत्तर येईना. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळची पहिली एसटी धरून स्वतः गेले. दुपारपर्यंत बसावं लागलं. शेवटी एका कर्मचाऱ्यांनी फाईल शोधून काढली आणि शांतपणे समजावलं: 1967 च्या ग्रंथालय अधिनियमाखाली मिळणारं अनुदान ज्या बाबींसाठी मान्य आहे त्यात खेळ दाखवू नका, देणगीची पावती फाडा, खरेदी डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, घ्या, पुस्तकांच्या दाखलनोंदीत मिसळू नका आणि वार्षिक अहवालात उपक्रम म्हणून लिहा. परवानगीची गरज नाही, माहिती दिलीत हे चांगलं केलंत. मी हे तिथेच वहीत उतरवून घेतलं. लेखी उत्तर आलं जूनमध्ये, तोवर कपाट सुरूही झालं होतं.

पैसे मुंबईच्या ग्रामस्थ मंडळानं दिले, दहा हजार. चेकनं घेतले, पावती दिली, पावतीवर 'खेळ साहित्यासाठी' असं कारण लिहिलं. खर्च असा झाला: स्टँडसह दोन कॅरम बोर्ड 4,800, गुंडाळता येणारे बुद्धिबळाचे पाच संच 1,750, सापशिडी-लुडो 360, अक्षरांच्या खेळाचं सामान 640, काचेचं जुनं कपाट 3,000, बोरिक पावडर, कुलूप आणि झिपच्या पिशव्या 400. एकूण 10,950. वरचे 950 वर्गणीतून घातले. दरपत्रकं तीन घेतली. रक्कम लहान असली तरी लेखापरीक्षकांना ती लागतात. 22 सप्टेंबर 2025 पासून कॅरम, बुद्धिबळ, लुडो यांच्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे, त्यामुळे आता घेणाऱ्यांना थोडं स्वस्त पडेल. लहान मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण आहे ना, ते बघून घ्या. जानेवारी 2021 पासून ती सक्तीची आहे. आणि कॅरम बोर्ड दुकानातच तपासा. आमचा एक वाकडा निघाला आणि बदलून मिळायला पंधरवडा गेला. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरा ताणून धरला की बाक लगेच कळतो.

आता अक्षरांच्या खेळाबद्दल. या सगळ्यात माझा सर्वांत जास्त जीव त्यात गुंतला.

इंग्रजी अक्षरं जुळवून शब्द करायचा खेळ बाजारात मिळतो. मराठीत अडचण मात्रांची. एका सोंगटीवर 'क', दुसरीवर 'का', तिसरीवर 'की' असं करत बसलं तर बाराखडीनंच पेटी भरून जाईल. पुष्कळ डोकं चालवल्यावर उपाय निघाला तो आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीकडून. जाड पुठ्ठ्याचे तीन सेंटिमीटरचे चौकोन कापायचे आणि त्यांवर फक्त मूळ अक्षर. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार हे सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या तेवढ्याच चौकोनांवर. 'म' वर कान्याचा प्लास्टिकचा तुकडा ठेवला की 'मा', त्यावर अनुस्वाराचा ठेवला की 'मां'. जोडाक्षरासाठी पाय मोडल्याची खूण असलेला तुकडा. रफार वेगळा.

कुठलं अक्षर किती वेळा घ्यायचं? स्क्रॅबल तयार करणाऱ्या आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून हा हिशोब बसवला होता. आम्हीही तेच केलं. पाचवी-सहावीची मुलं पडवीत पेपर पसरून बसली आणि प्रत्येकानं एकेक बातमी घेतली. एक जण वाचणार, दुसरा रेघा ओढणार. र, त, न, य, क पुढे गेली. ढ, झ, ठ यांच्यापुढे जेमतेम दोन-चार रेघा. कान्यापुढच्या रेघा मावेनात म्हणून कागद जोडावा लागला. मग सरळ ठरलं, दुर्मीळ अक्षराला जास्त गुण. ही मोजणीच मुलांना एवढी आवडली की पुढचे दोन आठवडे कोणीही पेपर उघडला की आधी 'ढ' शोधायचा. एवढं बारकाईनं वाचताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

खेळ सुरू झाल्यावर वाद आला मालवणी शब्दांचा. चौथीतल्या एकानं 'झील' (म्हणजे मुलगा) लावला. झ चे गुण मोठे, मुंबईहून आलेला त्याचा मामेभाऊ ऐकेना, असा शब्दच नाही म्हणून. नियम मुलांनीच केला: टेबलावरच्या कोणाला तो शब्द वाक्यात वापरून दाखवता आला आणि वहीत अर्थासकट लिहिता आला तर चालेल. ती वही आता निम्मी भरली आहे. भांडी, मासे, होडीचे भाग, भाताच्या जाती, असं बरंच काही त्यात आहे. काही शब्दांसाठी मुलं आजीला विचारून आली आणि दुसऱ्या दिवशी लिहून गेली.

1 मे ला ग्रामपंचायतीचं झेंडावंदन झाल्यावर मंडळी तशीच वाचनालयात आली आणि कपाट उघडलं. फीत, भाषणं काही ठेवलं नाही. मे महिना म्हणजे चाकरमान्यांची पोरं गावात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून गर्दी. वेळ ठेवली होती दुपारी चार ते सहा. कार्यकारिणीतून एक सूचना आली की आधी एक पुस्तक न्या, मगच खेळा, अशी अट घालावी. मी त्याला ठाम विरोध केला. पुस्तक दंडासारखं हातात दिलं तर ते उघडलं जात नाही. त्याऐवजी खेळाच्या टेबलाजवळच बालविभागाचं कपाट सरकवलं आणि दारं उघडी ठेवली. आपली पाळी येईपर्यंत मुलं कपाटाशी उभी राहतात, एखादं पुस्तक काढतात, चित्रं बघतात. काही जणांनी कधीच काही नेलं नाही. त्यांना मी एका शब्दानं विचारलं नाही.

आणि पाऊस! त्या वर्षी 25 मे लाच मान्सून देवगडपर्यंत येऊन ठेपला. त्याच्या आधीपासूनच पडत होता. आंब्याचा शेवट, मुंबईच्या गाड्या, सगळ्यांची तारांबळ, आणि माझा जीव नव्या कॅरम बोर्डांत. कोकणातल्या ओलीत प्लायवूड फुगतं, पुठ्ठ्याला बुरशी येते, बोरिक पावडरचे गोळे होतात. आम्ही जे केलं ते सांगते. बोर्ड आडवे न ठेवता उभे, भिंतीपासून वीतभर लांब, चादर गुंडाळून. पावडर घट्ट झाकणाच्या बरणीत, तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. पुठ्ठ्याच्या अक्षरांना दोन्ही बाजूंनी पॉलिश. कपाटाचा खालचा कप्पा पूर्ण रिकामा. 22 जुलै 2021 च्या महापुरात चिपळूणच्या वाचनालयात पाणी शिरून पुस्तकांचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. आमच्याकडे एवढं पाणी येत नाही, पण फरशीला घाम सुटतो. आठवड्यातून एकदा ऊन पडलं की सगळं पडवीत पसरायचं, हे काम मुलांनी वाटून घेतलं.

जून-जुलैत मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणून झाली की दुपारी वेळच वेळ. एक दिवस दोन खलाशी पावसाचे पडवीत टेकले आणि खिडकीतून कॅरमकडे बघत राहिले. आत या म्हटलं तर पाय चिखलाचे म्हणून संकोचले. मी बोर्डच पडवीत आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी चौघे आले. मग एक वयस्क तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, येऊ लागले. हात असा बसलेला की स्ट्रायकर पाहायला मुलं गोळा होत.

त्यांचा आणि दहावीतल्या एका मुलाचा राणीवरून खटका उडाला. तांडेल म्हणाले, "राणी घेतलंय मा मी, आता कव्हर कित्याक?" मुलगा म्हणाला, नियम आहे, राणी घेतली की लागलीच आपली एक सोंगटी घ्यायला हवी, नाहीतर राणी परत मध्यावर. आवाज चढले. शेवटी तांडेल म्हणाले, "मगे लिवलेला दाखय." लिहिलेलं कुठे होतं? त्या रात्री मी कॅरमचे नियम सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत, दोन पानांवर लिहून काढले आणि सकाळी झेरॉक्स काढून भिंतीवर लावले. तांडेलांनी चष्मा पुढे ओढून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, बोट फिरवत. मग त्या मुलाला म्हणाले, "तुझा बरोबर." दुपारपर्यंत तीन जणांनी ती पानं मागून नेली. त्या आठवड्यात वाचनालयातून सर्वांत जास्त बाहेर गेलेला मजकूर तोच होता. तेव्हापासून प्रत्येक खेळाचे नियम आम्ही लिहून ठेवतो, आणि नवीन खेळ आला की नियम वाचून दाखवायचं काम फिरतं असतं.

खरा त्रास अभ्यासिकेचा झाला आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. स्ट्रायकरचा टकटक आवाज, मुलांचा आरडाओरडा आणि पलीकडे परीक्षेला बसणारी मुलं. त्यांनी लेखी तक्रार दिली, सह्या करून. त्यांचं म्हणणं रास्त होतं: वाचनालयात शांतता मिळते म्हणून ती येतात, घरी जागा नाही. दोन्ही गटांना एकत्र बसवलं. कॅरम कायम पडवीत, खाली जाड सतरंजी. परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात कॅरम बंद, फक्त बुद्धिबळ आणि अक्षरं. पाऊस आडवा लागला तर पडवी भिजते, त्या दिवशी खेळ नाही. हे सगळं फळ्यावर लिहिलं. तक्रार करणाऱ्यांपैकीच दोघं आता रविवारी सकाळी बुद्धिबळ शिकवतात. पण ज्यांच्याकडे एकच खोली आहे त्यांनी हा विचार आधी करावा. आवाजाचे खेळ अजिबात न ठेवताही हे काम होतं.

28 जुलैला नागपूरची दिव्या देशमुख बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली, एकोणीस वर्षांची पोर, अंतिम फेरीत कोनेरू हम्पीसारख्या अनुभवी खेळाडूला हरवून. मी पेपरातला फोटो कापून कपाटाच्या काचेला लावला. तोवर बुद्धिबळाच्या पटावर मुलगेच असत. त्या आठवड्यात सहावी-सातवीच्या मुली आल्या, चार-पाच जणी मिळून. त्यांच्यासाठी शनिवारी वेगळी वेळ ठेवली, आणि त्यांच्या आयांना स्वतः सांगून आले की मी तिथे पूर्ण वेळ असते. मुलींनी यावं असं वाटत असेल तर घरोघर जाऊन हे सांगण्याला पर्याय नाही. आता त्यांतली एक मुलगी येताना आपल्या आईलाच घेऊन येते. आई पट बघत बसते आणि जाताना मासिक नेते.

गणपतीत, 27 ऑगस्टपासून, खेळ घरी द्यायला सुरुवात केली. रात्री जागरणाला घरं भरलेली असतात, त्यामुळे मागणी खूप. अनामत शंभर रुपये, मुदत तीन दिवस. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी: आत काय काय आणि किती आहे. नेताना सभासदानं मोजायचं, आणताना मी मोजायची. बुद्धिबळाचा एक घोडा आणि दोन प्यादी गेली, बाकी सगळं परत आलं. घोड्याच्या जागी एकानं लाकडाचा कोरून आणून दिला. तो मूळच्यापेक्षा देखणा आहे, म्हणून तोच पटावर ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीत गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, केल्या. सावंतवाडी आपल्या जिल्ह्यातच, तिथल्या गंजिफांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, पण आमच्या गावातल्या एकाही मुलानं त्या पाहिल्या नव्हत्या. हाती रंगवलेला संच आमच्या ऐपतीबाहेरचा. मग जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या आणि डबीच्या झाकणानं गोल आखून कापले. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण 120. तिघांनी खेळायचं, म्हणजे प्रत्येकाला चाळीस पानं. मुलांच्या हातात ती मावत नाहीत, म्हणून चटईवर रांगा लावून समोर वही उभी करतात, कोणी बघू नये म्हणून. अर्ध्या रंगांत दश्शा मोठा, अर्ध्यांत एक्का मोठा. हे डोक्यात बसायला दोन दिवस लागले, पण एकदा बसल्यावर मुलं मोठ्यांना चुका दाखवू लागली. पत्त्यांना विरोध करणारे खजिनदार काका मत्स्य-कूर्माची पानं रंगवायला स्वतः बसले होते, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

नोव्हेंबरात तपासणी झाली. अधिकाऱ्यांनी आधी पुस्तकांची दाखलनोंद, देवघेव नोंदवही, कीर्द सगळं पाहिलं. मग कपाटाकडे वळले. मी ठराव, पोचप्रत, त्यांच्याच कार्यालयाचं जूनचं उत्तर, देणगीची पावती, दरपत्रकं, व्हाउचर अशी एक वेगळी फाईल लावून ठेवली होती. ती बघून प्रश्न कमीच आले. एकच गोष्ट त्यांनी सुचवली: डेड स्टॉकमध्ये वस्तूची नोंद होते, वापराची नाही, तेव्हा खेळांच्या वापराची स्वतंत्र नोंदवही ठेवा. शेरा तसाच लिहिला. बालसभासद तेव्हा अकरावरून अडतीस झाले होते. त्यांनी ती नोंद पाहिली आणि पुढचं पान उलटलं.

नवी नोंदवही दुसऱ्याच दिवशी आखली. रकाने असे: तारीख, खेळ, कोण खेळलं, घरी नेला असल्यास अनामत आणि परतीची तारीख, सुटे भाग मोजले का, आणि शेवटी रुंद रकाना 'शेरा'. तो रकाना मुलंच भरतात. ठरावाचा मसुदा आणि या नोंदवहीच्या पानाचा नमुना कुणाला हवा असेल तर कळवा, पाठवते. सध्या मार्चच्या आधी आणखी एक काम उरकायचं आहे: मुंबईच्या मंडळानं अजून पाच हजार देऊ केले आहेत, आणि कार्यकारिणीनं ते पडवीला पावसाळी पडदे लावण्यासाठी वापरायचं ठरवलं आहे. दरपत्रकं मागवली आहेत, एक आलं आहे.